खारे पाणी खारेच राहो

मंडीदीप आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु त्याच्या नावात एक नाहीसे झालेले तळे दडलेले आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने जवळच्या भोजपूर येथे बांध घालून विस्तीर्ण तलाव निर्मिला, त्यातील बेट ते हे मंडीद्वीप, असे इकडची परंपरा सांगते. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने तो बांध फोडला आणि तलाव ओसरला, असेही ती सांगते. बांध फुटला की तळे मरते, हे कोणासही कळते. पण गोडे पाणी वाढल्यानेही एखादे तळे मरू शकते, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. म्हणून आज आम्ही त्यांस बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या काठी नेऊ इच्छितो.

लोणारचे सरोवर हे आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले विवर होय. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. ह्या खोल वाटीत पाणी येते, पण बाहेर जाण्यास त्यास वाट नाही. ऊन पाण्याची वाफ करून नेते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या ह्या क्रमाने पाणी खारट व सोड्यासारखे तीव्र झाले. पूर्वी लोक येथील क्षार काढून साबण व काच करण्यास वापरीत. लवणासुराच्या कथेनेही गावाच्या नावात मीठच ठेवले आहे.

असल्या पाण्यात काय जगणार, असे कोणी विचारील. सर्वसाधारण मासे तेथे जगत नाहीत हे खरे. परंतु सूक्ष्म शेवाळ विपुल वाढते, त्यावर बारीक कीटक पोसतात आणि त्यांवर पक्षी. शेकाट्या काठच्या चिखलात चोच घालीत फिरतो, टिबुकली बुडी मारते, हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. येथे पक्ष्यांच्या सुमारे 160 जातींची नोंद झाली आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा व छोटी लालसरी हे जगात संख्येने घटत चाललेले पक्षीही त्यांत आहेत. ह्या सर्वांची पंगत त्या खारट पाण्यावरच मांडलेली आहे.

जून 2020 मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा फार गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, पाणी कमी होऊन क्षार वाढल्यामुळे मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, हा रंग त्यांचा होय. पुढे पाऊस येताच तो ओसरला. लोक ज्यास भ्याले ती सरोवराची स्वतःचीच प्रकृती होती. खरे संकट मात्र बिनरंगी असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही.

ते असे. काठावरच्या वस्तीचे सांडपाणी व शेतांतील खते पावसाबरोबर विवरात उतरतात. धारेच्या झऱ्यावर स्नान करणाऱ्यांचा व कपडे धुणाऱ्यांचा साबण तिकडेच जातो. गोडे पाणी वाढले की खारटपणा पातळ होतो, शेवाळाची जात बदलते, आणि पक्ष्यांचे अन्न सरते. अलीकडे पाण्याची पातळी वाढल्याच्या, इतकेच नव्हे तर सरोवरात मासे दिसल्याच्या वार्ता आल्या आहेत. अन्यत्र जी वार्ता आनंदाची ठरती, ती येथे रोगाचे लक्षण आहे. उतारावर माजलेली वेडी बाभूळ मूळच्या झाडांची जागा घेते, ते निराळेच.

संरक्षणाचे शिक्के पुष्कळ झाले. 2000 साली अभयारण्य झाले. 2009 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका गेली. 2020 साली रामसर करारान्वये ही पाणथळ जागा जागतिक महत्त्वाची ठरली. परंतु गटाराचे पाणी शिक्का वाचून थांबत नाही. ते वरच अडविले पाहिजे, शुद्ध केले पाहिजे आणि शेतीस दिले पाहिजे. विदर्भात पाण्यास मोल आहे. म्हणूनच ते विवरात दवडणे हा दुहेरी तोटा होय. ह्याचा भार एकट्या लोणारकरांवर टाकणेही न्यायाचे नाही. ज्या सरोवराचा सगळ्या देशास अभिमान वाटतो, त्याच्या काठच्या गटारांचा खर्चही सर्वांचाच आहे.

वाचकहो, आपण तेथे सहलीस गेलात तर साबण घरी ठेवा, कचरा परत आणा, आणि मुलांस ते पाणी खारे का, हे समजावून सांगा. प्रत्येक जलाशय आपल्या विहिरीसारखा गोड करावा असे नाही. काही पाण्यांचे रक्षण म्हणजे त्यांस त्यांच्या प्रकृतीप्रमाणे राहू देणे, आणि ते सोपे वाटले तरी बरेच कष्टाचे काम आहे.