नव्वद दिवसांचा पासवर्ड

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. त्यात एक आकडा, एक चिन्ह हवंच. कुठेही लिहून ठेवू नका. शाळा-कॉलेजांत आणि ऑफिसांत फिरणारं हे परिपत्रक तुमच्याही नजरेखालून गेलं असेल. 'येथे थुंकू नये' ही पाटी जितक्या भक्तिभावाने पाळली जाते, तितक्याच भक्तिभावाने लोक हे परिपत्रक पाळतात.

माझं मत विचाराल तर त्यातलं पहिलं कलम सरळ खोडून टाकावं.

कारण साधं आहे. सक्ती झाली की माणूस पळवाट काढतो. आज 'गणपती@1', तीन महिन्यांनी 'गणपती@2', मग 'गणपती@3'. वर्षातून चार वेळा बाप्पा येतात, संगणक खूश, साहेब खूश. सुरक्षा मात्र होती तिथेच.

हा नुसता माझा तर्क नाही बरं का. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी सगळ्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे. 2010 साली तिथल्याच संशोधकांनी बंद झालेल्या 7,700 हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड हाती असेल, तर सुमारे 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचापेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता येत होता! म्हणजे चोराने एकदा शिरकाव केला की तुम्ही कुलूप बदललंत तरी त्याला नवी किल्ली अंदाजाने करता येते.

गंमत पुढेच आहे. असल्या नियमांचा प्रसार ज्या सरकारी दस्तऐवजामुळे झाला, तो अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांनी 2003 च्या सुमारास लिहिला. निवृत्त झाल्यावर, 2017 मध्ये, त्यांनीच वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनेही आपली सूचना बदलली: पासवर्ड फुटल्याचं लक्षण नसेल तर उगाच बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. आपल्याकडच्या कित्येक ऑफिसांत ही बातमी अजून पोचायची आहे. पोस्टाने पाठवली असावी.

मग हा नियम मरत का नाही? कारण तो तपासनीसाला दाखवता येतो. रकान्यात बरोबरची खूण झाली की काम झालं. आणि त्याची किंमत वरच्या कोणाला पडत नाही, ती पडते काउंटरवरच्या माणसाला. कॉर्मॅक हर्ली नावाच्या संशोधकाने 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे, त्या सल्ल्यांचा खर्च फायद्यापेक्षा जास्त असतो म्हणून.

माझा खरा राग वेगळाच आहे. पाळता न येणाऱ्या नियमांमुळे सगळेच कायमचे गुन्हेगार होऊन बसतात. आख्ख्या विभागाला एकच लॉगिन, पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली, हे साहेबांनाही ठाऊक असतं. पण काही विपरीत घडलं की परिपत्रक बाहेर येतं आणि बळी जातो कंत्राटावरच्या पोराचा. मग उद्या त्याच्या शेजारची मुलगी चुकून खोट्या लिंकवर क्लिक करते आणि गप्प बसते. तोंड उघडलं तर नोकरी जाईल, ही भीती! पैसे गेल्यावर 1930 ला जितक्या लवकर फोन कराल तितकी ते पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. ऑफिसच्या संगणकाचंही तेच. आधी तासभर रागावणारा साहेब कुठल्याही व्हायरसपेक्षा महाग पडतो.

असो. घरचे विचारतात, मग आम्ही करायचं तरी काय? ईमेलचा पासवर्ड लांब ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका, कारण बाकी खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' निरोप तिथेच येतात. ईमेलला आणि बँकेला दुहेरी पडताळणी लावा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी. आणि लक्षात राहत नसेल तर खुशाल वहीत लिहा. ब्रूस श्नायर या सुरक्षातज्ज्ञाने 2005 मध्येच सांगितलं होतं की अवघड पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दूर कुठेतरी बसलेला भामटा तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळापर्यंत येत नाही.

फक्त काकू, वहीवर मोठ्या अक्षरांत 'पासवर्ड' असं लिहू नका. 'लोणच्याच्या कृती' लिहा.