ऐकून घेण्यात आले

सरकारी मराठीत एक वाक्य फार लाडके आहे. ‘लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.’ व्याकरणाच्या मास्तरांनी ते एकदा वर्गात फोडून दाखवावे. म्हणणे कोणाचे, हे त्यात आहे. पण ऐकले कोणी, हे नाही. ऐकून पुढे काय केले, हे तर मुळीच नाही. कर्ता फरारी आणि फळाचा पत्ता नाही, अशा या वाक्यावर आपल्या लोकशाहीचा पुष्कळसा कारभार चालला आहे. आम्ही मसोलीचे, म्हणजे डहाणूचे, लोक हे वाक्य इतक्या वेळा ऐकत आलो आहोत की त्याविरुद्ध एकदा तरी स्पष्ट बोलणे आता भाग आहे.

आमच्याकडे वाद घालणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही. संध्याकाळी नाक्यावर या, किंवा २०१३ सालापासून डहाणू रोडपर्यंत येऊ लागलेल्या लोकलच्या डब्यात बसा. पाणी, कचरा, रस्ता, दवाखाना, चिकूचा भाव, मासळीचा दुष्काळ आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले वाढवणचे बंदर, यांवर कडाक्याची चर्चा चाललेली असते. मांगेला, वारली, भंडारी, इराणी बागायतदार, गुजराती दुकानदार, सारे त्यात असतात, आणि त्यांचे एकमत नसते. समुद्रावर जाणाऱ्याला बंदर नको असते, तर पदवी खिशात घालून रोज पहाटे मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुलाला ते कधी एकदा होते असे झालेले असते. दोघेही खोटे बोलत नाहीत, दोघांनाही पोट आहे. म्हणून बंदर व्हावे की न व्हावे, याचा निवाडा मी येथे करीत नाही. माझे भांडण त्याच्या आधीचे आहे. या चर्चेला काही वजन आहे की ती नुसतीच वाफ आहे?

कोणी म्हणेल, अडाणी लोकांच्या चर्चेला वजन ते कसले असणार? त्यांनी १९४५ साल आठवावे. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले. अंगावर धड कपडा नाही आणि अक्षरओळख तर नाहीच नाही, अशी ती माणसे. परुळेकर पतिपत्नी त्यांच्या पाठीशी होती. पण निर्णय त्या माणसांचा होता. वेठबिगार करायची नाही, असे त्यांनी ठरवले, आणि ठरवले तसे ते वागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला, तरी ते मागे हटले नाहीत. आमच्या तालुक्यांतली ती पहिली मोठी जनसुनावणी, असे मी मानतो. फरक एवढाच की तेथे लोक कोणाला ऐकवायला जमले नव्हते, ठरवायला जमले होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांसाठी साऱ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली. कागद चांगला होता; त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारीत ते वारले, तोवर त्यांनीच ते सांभाळले. या प्राधिकरणाची थोरवी अशी की त्याला ‘नाही’ म्हणता येत होते. १९९८ मध्ये त्याने वाढवणच्या बंदराला ‘नाही’ म्हटले. १९९९ मध्ये येथल्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातले गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायला सांगितले. ती २००७ मध्ये बसली. आठ वर्षे लागली, पण बसली! बागायतदाराचे गाऱ्हाणे वाऱ्यावर गेले नाही. ज्याच्यापुढे बोलायचे त्याच्या हातात काही आहे, हे ठाऊक असले की साधा माणूससुद्धा तोलून मापून, पुराव्यानिशी बोलू लागतो.

आता बंदराचे दुसरे पर्व पाहा, आणि तारखांचा क्रम नीट लावा. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. जुलै २०२३ च्या अखेरीस त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदलल्यावर, अटी घालून संमती दिली. जनसुनावणी झाली ती १९ जानेवारी २०२४ रोजी, आणि तीही वाढवणला नव्हे, पालघरला. पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी मिळाली. जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चावर मंत्रिमंडळाचा शिक्का बसला आणि ऑगस्टच्या ३० तारखेला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झाले. म्हणजे तिथी काढली, मांडव घातला, वाजंत्री ठरवली, आणि मग मुलीला विचारले, ‘बाई, तुला स्थळ पसंत आहे ना?’ ती काय म्हणाली, ते ऐकून घेण्यात आले.

या क्रमातला एक विनोद मात्र दाद देण्यासारखा आहे. डहाणूतल्या उद्योगांवर निर्बंध आहेत. मग १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढणारे बंदर येथे कसे बसणार? २०२० मध्ये केंद्राच्या दप्तरात बंदरांची गणना ‘उद्योग नसलेल्या’ कामांत झाली, आणि प्रश्न मिटला. पुढे सरकारनेच सांगितले की या बंदरामुळे सुमारे बारा लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल. बारा लाखांच्या हाताला काम देणारी, पण उद्योग नसलेली अशी ही वस्तू आहे तरी काय? एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधाच्या याचिका फेटाळल्या. न्यायालयाचा मान राखूनही असे म्हणता येते की एखादी गोष्ट कायद्यात बसणे वेगळे आणि ती लोकांना पटवून देणे वेगळे. पहिले काम वकिलाचे, दुसरे राज्यकर्त्याचे. दुसऱ्याने आपले काम पहिल्यावर ढकलले, एवढीच माझी तक्रार आहे.

बरे, आम्ही बोलायचे तरी कोणाच्या तोंडाने? डहाणू नगरपरिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पाच वर्षे संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये! मधल्या जवळजवळ तीन वर्षांतच संमती, सुनावणी, मंजुरी आणि भूमिपूजन हे सारे उरकले. गावाच्या शंभर वर्षांचे भवितव्य ठरत असताना गावाने निवडलेला एकही नगरसेवक खुर्चीवर नव्हता. हे काही आमच्याविरुद्ध रचलेले कारस्थान नव्हे. साऱ्या महाराष्ट्रात निवडणुका अशाच रखडल्या होत्या. पण त्यामुळे काळजी कमी होत नाही, वाढते. कारस्थान एखादे असते आणि उघडकीस येते, सवय मात्र कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणखी एक गंमत. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने तेथल्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिले. पण तो कायदा पंचायतींसाठी. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वारल्याला ग्रामसभा नाही. शहरांसाठी घटनेने प्रभाग समिती सांगितली, पण सक्ती केली ती तीन लाखांवरच्या वस्तीला. आमची वस्ती पन्नास हजारांच्या घरातली. ग्रामसभेसाठी आम्ही फार शहरी, प्रभाग समितीसाठी फार लहान. उरतो तो नाका, आणि नाक्यावरच्या चर्चेचे इतिवृत्त कोणी लिहीत नसते.

भाषेचेही तसेच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत राहिला तरी चालतो. भरती-ओहोटीचे गणित ज्याला पाठ आहे, त्या मच्छीमाराच्या हातात सारांशाची चार पाने द्यायची आणि त्याने शास्त्रशुद्ध हरकत घेतली नाही म्हणून ती ‘भावनिक’ ठरवायची, हा न्याय कुठला? त्याच नियमात असेही आहे की सुनावणी सुरू करायला गणसंख्या लागत नाही. सहकारी सोसायटीच्या सभेलासुद्धा गणपूर्ती लागते हो! समुद्र भरून काढायला लागत नाही.

‘सगळ्यांना विचारत बसलो तर देशात एक वीट रचली जाणार नाही,’ हे उत्तर तयारच असते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. प्रत्येक गावाने आपल्या वेशीपुरते पाहिले तर धरण होणार नाही, रेल्वे होणार नाही. आमचेही चुकते. पाणी आपल्या ओट्यावर चढेपर्यंत आम्ही गटाराविषयी बोलत नाही आणि मत देताना बंदर विसरून जात बघतो. पण विचारल्याने काम अडते म्हणणाऱ्यांनी वीजकेंद्राकडे पाहावे. ते बंद पडले नाही, चालूच राहिले. त्याचा धूर तेवढा स्वच्छ झाला. लोकांच्या ‘नाही’ने प्रकल्प मरतोच असे नाही, पुष्कळदा तो सुधारतो. ‘नाही’ला जागाच ठेवली नाही, तर मिळालेल्या ‘हो’ला तरी किंमत कसली?

मागणे फार मोठे नाही. मंत्रिमंडळाने ‘तत्त्वतः’ म्हणण्यापूर्वी विचारा, नंतर नको. ज्या गावाचा किनारा जाणार त्याच गावात सभा घ्या. सबंध अहवाल मराठीत द्या. निर्णय घेणाऱ्याने प्रत्येक मुख्य हरकतीला सही करून लेखी उत्तर द्यावे; ती मानली नसेल तर का मानली नाही, ते सांगावे. आणि शहरातल्या वस्तीवस्तीला ग्रामसभेसारखी सभा द्या. क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्येच केली आहे. ती कागदावरून खाली उतरू द्या. या पाचांपैकी एकाही गोष्टीने बंदर अडत नाही. अडलेच तर एवढेच सिद्ध होईल की ते लोकांना पटवून देता येण्यासारखे नव्हते.

झरीच्या माळावर जमलेल्यांपैकी कोणाला सही करता येत नसेल, पण त्यांच्या वाक्याला कर्ता होता. ‘आम्ही वेठ करणार नाही,’ असे ते म्हणाले. आम्ही त्यांची शिकलेली नातवंडे. आमच्या वाट्याला मात्र कर्मणी प्रयोग आला आहे. तो आम्ही किती दिवस चालवून घ्यायचा, हे मुंबई-दिल्लीने ठरवायचे नाही. ते मसोलीच्या नाक्यावर ठरायला हवे.