स्क्रीनवर हिरवे चौकोन दिसले, की दोष गावच्या नेटलाच का?

‘आधी गावाकडचं नेट बदल.’ इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे येथे घरी बसून पुण्यातील कार्यालयाचा संगणक चालवणाऱ्या माझ्या चुलतभावाला महिनाभर हेच ऐकावं लागलं. तो कॅडवर ड्रॉइंग करतो. स्क्रीन सरकवली की हिरवे चौकोन, काळे पट्टे आणि बंद केलेल्या विंडोचे तुकडे दिसायचे. त्यानं दुसरं ब्रॉडबँड घेतलं. पैसे गेले, चौकोन तसेच राहिले. वर कामात दिरंगाई केल्याचा शेरा मिळाला.

दोष नेटचा नव्हताच. तो लॅपटॉपच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा होता.

नेमकं काय होतं?

रिमोट डेस्कटॉपमध्ये कार्यालयातील संगणक चित्र तयार करतो, ते व्हिडिओसारखं दाबून लहान करतो आणि पाठवतो. तुमचा लॅपटॉप ते पुन्हा उलगडतो. हे काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर सोपवणं म्हणजे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन. काम वेगानं होतं. पण चिप किंवा तिचा ड्रायव्हर चुकला, की चित्र बिघडतं.

२०१९ मध्ये विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीनंतर इंटेलची जुनी ग्राफिक्स चिप असलेल्या काही संगणकांना रिमोटनं जोडताच काळी स्क्रीन दिसू लागली. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरशी संबंधित असल्याचं मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलं होतं.

दोष कुठे, हे कसं ओळखाल?

• चित्र अडखळतं, माउस उशिरा हलतो, आवाज तुटतो : आधी नेट तपासा. मोबाइल हॉटस्पॉटवर जोडून पाहा.

• माउस सुरळीत चालतो, पण चौकोन आणि पट्टे तसेच राहतात : ग्राफिक्सवर संशय घ्या.

• कार्यालयाच्या संगणकावरच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर उघडा. त्यातही पट्टे असतील, तर दोष तिकडच्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर बिघाड चित्र दाबणं, पाठवणं किंवा उलगडणं यात आहे.

• कंपनीची परवानगी असेल, तर तोच संगणक फोनवरून जोडा. तिथे चित्र नीट दिसलं, तर आधी तुमचा लॅपटॉप तपासा.

उपाय काय?

रिमोटची विंडो लहान करून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर अपडेट करा. रिमोट अ‍ॅप किंवा ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची सोय असेल, तर ती थोडा वेळ बंद करून पाहा. मात्र ही चाचणी आहे, कायमचा इलाज नव्हे. ती बंद ठेवली तर प्रोसेसरवर ताण येतो, लॅपटॉप तापतो.

लाल, निळी बारीक अक्षरं पुसट दिसत असतील, तर तो बिघाड नसेलही. चित्र दाबताना रंगांचा तपशील कमी केला जातो. रंग पूर्ण राखणारा पर्याय विंडोज १० पासून आहे. पण तो कार्यालयाच्या संगणकावर सुरू करावा लागतो आणि तो अधिकार बहुतेकदा कर्मचाऱ्याला नसतो.

माझा आक्षेप इथेच आहे. संगणक कंपनीचा, सेटिंगचा अधिकार कंपनीचा आणि दोष मात्र गावाचा! निम्मी तपासणी कार्यालयातच होऊ शकते. ती न करता ‘नेट बदल’ म्हणणं म्हणजे खर्च आणि बदनामी दोन्ही कर्मचाऱ्याच्या माथी मारणं.

त्रासलेला माणूस मग गुगलवर ‘हेल्पलाइन’ शोधतो आणि अनोळखी माणसाला स्क्रीनचा ताबा देऊन बसतो. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. मदत कंपनीच्या आयटी विभागाकडूनच घ्या, कोड कुणालाही सांगू नका.

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटूनही रानात पाणी आलं नाही, तर आमच्याकडचा शेतकरी लगेच धरणाला बोल लावत नाही. तो आधी चारी पाहतो, मग दारं पाहतो. पुण्यातल्या साहेबांनीही एवढं करावं. नेटला दोष देण्याआधी एक स्क्रीनशॉट तरी मागावा.