चार मीटरची फूटपट्टी

पावसाळ्यात अर्धापूरच्या काळ्या रानातून केळीचे घड रस्त्यावर आणायचे म्हटलं की गाडीची जात कळते. चिखल असा धरतो की माणसाचा पायसुद्धा निघत नाही. आमची जुनी बोलेरो मात्र निघते. तिच्या पोटाखाली लोखंडी चासी आहे, मागं पाटे आहेत आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आहे. मला अशा दणकट गाड्यांचं वेड लागलं ते त्यामुळं.

या गाड्या आमच्याकडं मिरवायला आल्या नाहीत. महिंद्रांनी 1947 साली विलीज जीप जोडायला घेतली. पुढं त्याच घराण्यातल्या गाड्या काळी-पिवळी होऊन नांदेड रस्त्यावर धावल्या. सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं तिच्यावरच चालायचं. 1994 ला पुण्याहून सुमो आली, 2002 ला नाशिकहून स्कॉर्पिओ. लग्नाचं वऱ्हाड असो की बाळंतीण, गाडी तीच.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. तेलटंचाईनंतर 1975 साली तिथं इंधन बचतीचा कायदा झाला. कारला कडक मापं लागली, हलक्या ट्रकला सैल; ट्रक म्हणजे शेतकऱ्याची, कारागिराची गाडी, हा हिशेब. कंपन्यांनी त्याच ट्रकच्या चासीवर घरच्या गाड्या चढवल्या. 1990 मध्ये आलेली फोर्ड एक्सप्लोरर तुफान खपली. 2018 मध्ये तर फोर्डनं अमेरिकेत मस्टँग सोडून जवळपास सगळ्या कार बंद करत असल्याचं जाहीर केलं. सवलत होती कष्टाच्या गाडीला, खाल्ली शहरातल्या हौसेनं.

आपल्याकडं सरकारनं 2006 साली लांबी मोजायला घेतली. चार मीटरच्या आत आणि इंजिन छोटं, तर कर कमी. म्हणून 2016 मध्ये बोलेरोसुद्धा आखूड झाली, इंजिन दीड लिटरचं झालं. सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाड्यांना 40. म्हणजे शहरात एकट्यानं ऑफिसला नेलेली उंच, आखूड गाडी 18 मध्ये बसते आणि नऊ माणसांच्या घराची, शेताची ओझी ओढणारी स्कॉर्पिओ 40 मध्ये. हा न्याय मला पटत नाही.

गाडीची लांबी मोजण्यापेक्षा ती काय वाहते ते मोजा. सात किंवा जास्त आसनं, मजबूत चासी आणि किमतीवर ठरावीक मर्यादा, एवढ्या अटी घाला. किमतीची मर्यादा हवीच, नाहीतर अमेरिकेसारखं होईल. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा प्रतिनिधी बसतो. मराठवाड्याच्या आमदार-खासदारांनी ही मागणी त्या प्रतिनिधीमार्फत तिथं मांडावी.