अज्ञात इसम

आपल्या मेसमध्ये पेपर येतो एकच आणि वाचणारे दीडशे. खेळाचं पान सकाळी साडेसातलाच कुणीतरी पळवतं, सिनेमाचं पान नाश्त्याच्या वेळी जातं, नोकरीच्या जाहिराती बी.ई.वाले घेऊन जातात. दुपारपर्यंत टेबलावर उरतं ते जिल्ह्याचं पान, रश्श्याचे डाग पडलेलं. त्या पानाच्या कोपऱ्यात गावातल्या पोलीस ठाण्यांतून आलेल्या सात-आठ बातम्या असतात, प्रत्येकी चार-पाच ओळींच्या. मी ते सदर तीन वर्षं नेमानं वाचतोय. रूम पार्टनर हसतो. हसू दे. अग्रलेखापेक्षा ते सदर गावाबद्दल जास्त सांगतं असं माझं मत आहे.

मागच्या सेमिस्टरला एका आठवड्याची सगळी कात्रणं मी जमवली. कृष्णाकाठचं आपलं गाव तसं शांत, त्यामुळे फार काही भयंकर सापडणार नव्हतंच. मंडईबाहेर लावलेली स्प्लेंडर गेली. एस.टी.त चढताना एका बाईंच्या पिशवीतली पर्स गेली, आत मंगळसूत्र होतं. नदीकाठच्या मळ्यांतून मोटरच्या केबली कापून नेल्या, त्यातलं तांबं विकतात म्हणे. मटक्याच्या अड्ड्यावर छापा पडला आणि रोख, मोबाईल आणि 'मटक्याचे साहित्य' (म्हणजे एक वही आणि एक बॉलपेन) जप्त झालं. एका निवृत्त गुरुजींना वीजबिल थकल्याचा फोन आला आणि खात्यातून पैसे गेले. साइड दिली नाही म्हणून दोघांची मारामारी. आणि शेवटी उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, रात्रीची वेळ, दुचाकीवरचा माणूस जागीच ठार. ही शेवटची बातमी गळीत हंगामात दर आठवड्याला नाव बदलून येते, आणि ती वाचून कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही. त्यावर वेगळा लेख लिहिता येईल.

या सदराची भाषा मला फार आवडते. तिथे कुणी माणूस नसतो, 'इसम' असतो. वस्तू नसते, 'मुद्देमाल' असतो. चोर पकडला जात नाही, 'जेरबंद' होतो, आणि सापडला नाही तर 'पोबारा' करतो. 'इसम' हा शब्द अरबीतून आला, तिकडे त्याचा अर्थ नाव असा. म्हणजे ज्याचं नावच माहीत नाही त्याला आपण 'अज्ञात नाव' म्हणतो! 'फिर्याद' फारसी, अर्थ मदतीसाठी केलेला आकांत. कायदे मात्र बदलले. १८६० सालची भारतीय दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ४२० कलम आता ३१८ झालंय, पण आपल्या विंगमधला 'चारशेवीस' अजून चारशेवीसच आहे. असो.

तर मुद्दा असा. त्याच आठवड्यात आपल्या हॉस्टेलमधून एक लॅपटॉप, दोन मोबाईल आणि एक गिअरची सायकल गेली. यातलं एक अक्षरही पेपरात आलं नाही. कसं येणार? तक्रारच कुणी केली नव्हती. मोबाईल गेलेल्या दोघांपैकी एकाने सिम परत मिळावं म्हणून अर्ज दिला, पण त्यात लिहिलं 'मोबाईल गहाळ झाला'. उशाखालून मोबाईल गहाळ कसा होतो हे मला अजून कळलेलं नाही. गहाळ म्हटलं की गुन्हा नोंदवावा लागत नाही, तपास करावा लागत नाही, सगळ्यांचंच काम सोपं होतं. चोराचंसुद्धा.

लॅपटॉपवाल्याला वरून सल्ला मिळाला, 'आधी आत बघू, पोलीस आले की कॉलेजचं नाव जातं.' आता 'आत बघणं' म्हणजे काय ते लिहितो, कारण ते पाहिलेले बरेच जण आहेत आणि त्यावर बोलत कुणीच नाही.

मेसमध्ये लातूरकडचा एक पोरगा होता, भांडी घासायला आणि पोळ्या वाढायला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. चहा पोचवायला विंगमध्ये यायचा. एवढंच त्याच्याविरुद्धचं! लॅपटॉप गेला त्या दुपारी तो तिसऱ्या मजल्यावर दिसला होता, आणि तिसऱ्या मजल्यावर त्या दुपारी आपल्यातले निदान तीस जण होते. रात्री दहाला त्याला कॉमन रूममध्ये बोलावलं. त्याची पत्र्याची पेटी आणून जमिनीवर उपडी केली. दोन शर्ट, चार्जर, देवीचा फोटो आणि घरी पाठवायचे म्हणून रुमालात बांधलेले पैसे निघाले. 'एवढे पैसे कुठून आले?' असं एकानं विचारलं, ज्याच्या पायात त्याच्या दुप्पट किमतीचे बूट होते. एक-दोघांनी हातही उचलला. दीडच्या सुमाराला सोडलं. सकाळी तो मेसमध्ये नव्हता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, गेला न सांगता. लॅपटॉप मिळाला नाही तो नाहीच.

मी त्या खोलीत 'पोलिसांना फोन करू' असं दोनदा म्हणालो, दोन्ही वेळा उत्तर मिळालं, 'त्या बिचाऱ्याला कशाला पोलिसांत अडकवतोस?' हे उत्तर मला आजही समजत नाही. पोलिसांत तो अडकला असता, मान्य. पण तिथे निदान काही पायऱ्या आहेत. ठाण्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या कायद्यातही आहे. पोलीस मारून कबूल करून घेतील ही भीती इंग्रजांनासुद्धा होती म्हणा ना! अटक केली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हे थेट घटनेच्या बावीसाव्या कलमात आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तर सरळ अटक न करता आधी नोटीस देऊन बोलावण्याची पद्धत आहे. हे सगळं प्रत्यक्षात नेहमी पाळलं जातं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण पाळलं नाही तर दाद मागायला जागा आहे. आपल्या कॉमन रूमच्या कोर्टात अपील कुणाकडे करायचं होतं त्या पोरानं?

आणि आपल्याला तसा अधिकार आहे का? सामान्य नागरिकाला चोर पकडता येतो, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत झालेला पाहिजे, आणि पकडल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला पाहिजे. इथे पाहिलेलं कुणीच नव्हतं. दुसऱ्याची पेटी उघडून झडती घ्यायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. उलट एखाद्याला खोलीत अडवून ठेवणं हाच गुन्हा आहे. म्हणजे त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर कायद्याच्या दृष्टीनं शाबीत होण्यासारखे गुन्हे झाले ते आपल्याकडून. ते पेपरात आले नाहीत कारण फिर्यादी लातूरच्या गाडीत बसून निघून गेला होता.

'तक्रार करून काय उपयोग, मिळतंय थोडंच' हे वाक्य मी वर्षभरात शंभरदा ऐकलंय. चोरीला गेलेला माल परत मिळणं कठीण असतं, हे खरंच. पण मिळण्याआधीच्या ज्या गोष्टी आहेत त्यांचं काय? मोबाईलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आय.एम.ई.आय. नंबर दिसतो. तो वहीत लिहून ठेवलेला असेल आणि पोलीस तक्रारीची प्रत असेल, तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो हँडसेट देशभरातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद करता येतो. पोर्टल २०२३च्या मे महिन्यापासून देशभर सुरू आहे. नवीन सिम घालून कुणी तो चालू करायला गेलं की माग लागू शकतो. गुरुजींसारखे पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा, पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याच्या आत जितकं लवकर तितकं बरं. संध्याकाळी मित्रांना विचारून, रात्री घरी सांगून, दुसऱ्या दिवशी बँकेत गेलं की फार उशीर झालेला असतो.

दुसरं म्हणजे, ठाण्यात आपल्याला हाकलून देतील ही भीती. २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 'ललिता कुमारी' खटल्यात स्पष्ट सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफ.आय.आर. नोंदवणं बंधनकारक आहे. हॉस्टेलची खोली ही राहती जागा. राहत्या जागेतली चोरी न्याय संहितेच्या ३०५ कलमात येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे. इथे एक बारकावा. साधी चोरी, पाच हजारांच्या आतली, ही नव्या कायद्यात अदखलपात्र झालीय, पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. त्यामुळे 'एन.सी. करून टाकू' असं कुणी म्हणालं तर विनयानं सांगायचं, साहेब, ही खोलीतून झालेली चोरी आहे. माहिती ऑनलाइन पाठवता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. तक्रारीची प्रत फुकट मिळते. ठाणेदारानं घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायची, तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. थर्मोडायनॅमिक्सचे तीन लॉज पाठ करतो आपण, हे त्याहून सोपं आहे.

मी स्वतः सायकलवाल्याबरोबर ठाण्यात गेलो होतो. दीड तास बसवलं हे कबूल. ठाणे अंमलदार आधी वैतागले, मग सायकलचं बिल मागितलं, मग फ्रेम नंबर विचारला. फ्रेम नंबर आमच्याकडे होता, कारण याचे वडील एस.टी.त मेकॅनिक, त्यांनी तो घेतल्या दिवशीच डायरीत लिहून ठेवलेला. नंबर बघितल्यावर साहेबांचा सूर बदलला. म्हणाले, 'कॉलेजकडून पहिल्यांदाच कुणी आलंय. आम्हाला कळतच नाही तुमच्याकडे चोऱ्या होतात ते.' या वाक्यावर मी परत येताना बराच विचार केला. ठाण्याच्या रजिस्टरमध्ये आपलं हॉस्टेल स्वच्छ आहे. मागच्या भिंतीला पडलेलं खिंडार, गेटवर एकच वॉचमन आणि तोही साठीचा, रात्री बंद असलेला पॅसेजचा दिवा, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. मग रात्रीची गस्त इकडे वळायची कशाला?

कॉलेजचं नाव जाईल ही काळजी मला समजते, स्टाफमधल्या काही सरांशी बोललोही. एक सर म्हणाले, 'अॅडमिशनच्या दिवसात पालक पेपर वाचतात रे.' वाचतात ना. पण पालक फोनवरही बोलतात, आणि 'अहो, माझा लॅपटॉप गेला आणि कॉलेजनं गप्प बसायला सांगितलं' हे वाक्य सात गावं फिरतं. एफ.आय.आर.ची बातमी चार ओळींची असते, दुसऱ्या दिवशी त्या पेपरावर वडापाव मिळतो.

त्या सदराबद्दलही माझी एक तक्रार आहेच. संशयिताचं पूर्ण नाव, वय, गाव, कधीकधी गल्लीसुद्धा छापतात. तो निर्दोष सुटला ही बातमी मी तीन वर्षांत एकदाही वाचलेली नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख छापायला २०१५च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, बाकीच्यांना तेवढंही संरक्षण नाही. निदान आपण हॉस्टेलमध्ये तरी कुणाचं नाव घेण्याआधी जरा थांबावं. त्या मेसच्या पोराचं नाव आजही कुणी घेतलं की मागोमाग 'तो लॅपटॉपवाला' असं येतं. शाबीत काय झालंय? काहीही नाही.

पुढच्या बुधवारी मेस कमिटीची मीटिंग आहे. विषयपत्रिकेवर पोळ्यांची जाडी, रविवारची फीस्ट आणि थंड पाण्याचा कूलर आहे. तो पोरगा गेला तेव्हा त्या महिन्याचे चौदा दिवस भरले होते आणि कॉन्ट्रॅक्टरनं पगार दिलेला नाही, हे दुसऱ्या मेसबॉयकडून कळलं. घरचा फोन नंबरही त्याच्याकडे आहे. चौथा विषय म्हणून मी हे लेखी दिलंय, खाली अजून दोघांच्या सह्या आहेत. कोऱ्या जागा बऱ्याच उरल्यात, पेन सेक्रेटरीच्या टेबलावर आहे.