चौदा फूट

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेचा माणूस टेप घेऊन आमच्या गल्लीत आला. बाप दारातच बसलेला. त्यानं टेपचं टोक उंबऱ्याला लावलं, बरोबरच्या पोराला शिडीवर चढवलं आणि पत्र्यापर्यंत मोजलं. पंधरा फूट चार इंच.

'बाबा, चौदाच्या वर चालत नाय. नोटीस येईल.'

'साहेब, पोराचं लगीन झालंय. माळा काढला जरा. झोपायचं कुठं?'

साहेब काही बोलला नाही. वहीत लिहिलं आणि पुढच्या दारात गेला. रात्री बाप म्हणाला, 'गावात पाटलाच्या माडीच्या वर आपलं छप्पर गेलं तर मार पडायचा. हितं मार नाय, नोटीस हाय. सुधारलं म्हणायचं जग.'

माझा बाप ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईत आला. चाळीस वर्षं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या. वीस वीस माळ्यांचे स्लॅब त्याच्या फळ्यांवर ओतले गेले. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कायद्याने चौदा फूट. आणि मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. एका लायसनवाल्याच्या ऑफिसात परवानगीच्या फायली करतो. म्हणजे घरी नोटीस घेतो आणि ऑफिसात नियम वाचतो. दोन्हीकडून बघितलंय, म्हणून लिहितोय.

दोस्तांनो, मुंबईत बांधकामाच्या पहिल्या परवानगीला काय म्हणतात ठाऊक आहे? आयओडी. इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. १८८८ च्या पालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली ती निघते. साध्या मराठीत नामंजुरीची सूचना! आधी नामंजुरी कळवायची, खाली अटींची यादी जोडायची, अटी पुऱ्या केल्या की काम सुरू करायला सीसी, जोतं तपासून पुढची सीसी आणि शेवटी राहायला ओसी. शेटजीला नामंजुरी मिळते आणि त्याचा टॉवर उभा राहतो. आमच्याकडे सरकारी फोटोपास आहे, तरी पत्रा उतरवावा लागतो. च्यायला, भाषेचा असा खेळ आपल्या कवींनाही जमला नाही.

वरळीला जाऊन बघा. तिथं १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटाच्या खोल्या. १९७४ च्या जानेवारीत तिथं आपल्या माणसांवर काय गुजरलं ते नव्याने सांगायला नको. त्या खोल्यांत चार चार पिढ्या गेल्या आणि नव्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. त्याच वरळीत कॅम्पा कोला कंपाऊंड. १९८० च्या दशकात मोजक्या माळ्यांची परवानगी काढून बिल्डरांनी सात इमारती वर चढवल्या, एक तर वीस माळ्यांची. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने वरचे माळे पाडायला सांगितले. नोव्हेंबरात बुलडोझर फाटकाशी आला, टीव्हीवर रडारड दिसली आणि कोर्टाने आपणहून तोड थांबवून पुढच्या ३१ मे पर्यंत मुदत दिली. त्या माणसांच्या रडण्यावर मी हसत नाही. बिल्डरने त्यांनाही फसवलंच. पण २००४-०५ च्या हिवाळ्यात याच शहरात ८० हजारांवर झोपड्या पाडल्या. तेव्हाही बाया रडत होत्या. थंडी होती, पोरं उघड्यावर होती. तेव्हा कुणी आपणहून काय थांबवलं?

आता कुणी म्हणेल, मग नियमच नकोत. नाही. हे म्हणणं बिल्डरचं आहे, आपलं नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाऊंडची बेकायदा इमारत पडली, ७४ जण मेले. २०२५ च्या ऑगस्टात विरारची बेकायदा इमारत पडली, १७ मेले. अशा इमारतीत कोण राहतं? ज्याला दुसरीकडे घर परवडत नाही तो. नियम मोडला की मरायचं आम्हीच. म्हणून नियम आम्हालाच सगळ्यात जास्त पाहिजे.

पण आमच्या वाट्याला नियम येतो तो सूट देऊन. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सूट. दोन इमारतींमध्ये तीन मीटर सोडले तरी चाललं. खालच्या माळ्यावर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथं ऊन-वारा शिरत नाही तिथं क्षय कितीतरी जास्त, हे त्यात निघालं. ही सूट बिल्डरला मिळाली, खोकला आम्हाला. चौदा फुटांत मात्र चार इंचाची सूट नाही.

आणि तपासणी? ती हळूहळू सरकारच्या हातातून कागदावर चालली आहे. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० मध्ये एकच नियमावली लागू झाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवान्याची वाट बघायची नाही. लायसनवाल्याच्या सहीने नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, काम सुरू. लाच कमी होईल म्हणतात. होईलही. पण १५० चौरस मीटर म्हणजे बीडीडीच्या दहा खोल्या! भूखंड ज्याच्या नावावर आहे त्याच्या सहीवर सरकारचा विश्वास. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याच्याकडे टेप.

ही सही काय असते ते मला माहीत आहे, कारण मी ती तयार करतो. मागच्या वर्षी एका पुनर्वसन इमारतीच्या स्लॅबचा तपासणी अहवाल करायला सांगितला. विचारलं, साइटवर कोण गेलं होतं? उत्तर आलं, 'तू तारीख टाक.' मी टाकली. सळईचं अंतर ठीक, कव्हर ठीक, रिंगा ठीक. सगळं एसीत बसून ठीक. सही साहेबाची, टाइप मी केलं. मला पगार पाहिजे होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या इमारतीत नवव्या माळ्यावर माझी मावशी राहायला जाणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नसताना टाइप केलं म्हणून गुन्हा कमी होत नाही. कुणाची तरी मावशी असतेच.

गेल्या रविवारी बापाला घेऊन तिथं गेलो. तळमजल्याच्या बीमखाली खडी उघडी पडलेली, दोन ठिकाणी सळई डोकावत होती. बापाने बोटाने खरवडलं. म्हणाला, 'ह्यात व्हायब्रेटर फिरलाच नाय. फळ्या पण लवकर काढल्यात.' डिप्लोमा नसलेल्या माणसाने दोन मिनिटांत जी तपासणी केली ती माझ्या चार पानी अहवालात नव्हती.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसत्या कागदाचा हक्क नाही. कलम २(जे) वाचा. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क त्यात लिहिला आहे. आपल्यातली किती पोरं आयटीआय, डिप्लोमा करून साइटवर राबतायत. किती जणांचे बाप सेंट्रिंगवाले, गवंडी, लोखंड बांधणारे. मोर्चाला येतो तसं एकदा फाइल बघायलाही या.

मी अर्ज टाकला आहे. मूळ अहवाल मी कसा लिहिला तेही त्यात लिहिलं आहे, तारखेसकट. पोच खिशात आहे. ऑफिसात अजून कळलेलं नाही, कळेल तेव्हा नोकरी जाईल बहुतेक. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग आता मी जाऊ का नको?' तिची झोपडी पाडून तीन वर्षं झाली, भाड्याचा चेक थकलाय. तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.