आपला माणूस शे!

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्नाचं मला ठाऊक नाही (थर्ड इयरच्या सबमिशनमधून सवड मिळाली तर बघू!), पण घराचा अनुभव मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आला, तोही पायाची एक कुदळ पडण्याआधीच.

माझं गाव रनाळे. हॉस्टेलवर अजूनही विचारतात, "हे कुठे आलं रे?" तर नंदुरबारहून दोंडाईचाकडे जाताना लागतं. आमच्या आप्पांनी कापसाच्या दोन-तीन हंगामांतून पैसे मागे टाकले आणि नंदुरबारच्या कडेला एक प्लॉट घ्यायचं ठरवलं. धाकटी बहीण तिथे रोज ये-जा करून शिकते, तिच्यासाठी दोन खोल्या टाकू, एवढाच हेतू. दलाल नात्यातलाच निघाला. म्हणाला, "तुम्हाला काहीच करायचं नाही. वकील आपलाच, नकाशा काढणारा इंजिनिअरही आपलाच. तुम्ही फक्त सहीला या." आप्पांनी ५१ हजार रुपये विसार देऊन टाकला. मी फोनवर पावतीचं विचारलं तर म्हणाले, "आपला माणूस शे, पावती कसाले?"

सुट्टीत घरी गेल्यावर सहज म्हणून सातबारा बघितला. 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ होती : कलम ३६ अ, हस्तांतरणास बंदी. आम्ही दलालाच्या वकिलांना विचारलं. ते हसले. "अहो, ते जुनं आहे, बऱ्याच उताऱ्यांवर असतं."

माझं समाधान होईना. घरात दोन दिवस भांडण झालं, पण शेवटी आम्ही कोर्टातल्या एका दुसऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तीन हजार फी सांगितली, पावती दिली आणि आठ दिवस मागितले. जुने फेरफार काढून त्यांनी सांगितलं, ही जमीन मूळ आदिवासी खातेदाराची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि ती कुठेच नाही. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. (आणि जायलाच हवी. ज्याची जमीन अशी फिरवून घेतली, तोही कुणाचा तरी बापच होता.) मग आप्पांकडे बघून त्या म्हणाल्या, "काका, हा प्लॉट घेऊ नका."

विसारातले तीस हजार परत आले, बाकीचे अजून येताहेत!

मित्रांनो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. विश्वासू माणूस कोण? जो ओळखीचा, तो नव्हे. व्यवहार मोडला तरी ज्याचं काही बुडत नाही, तो. दलालाला पैसे कधी मिळतात? खरेदीखत झालं तर. त्याने आणलेल्या वकिलाला पुढची कामं कधी मिळतात? व्यवहार पार पडले तर. मग 'घेऊ नका' हे कोण सांगणार? वकीलबाईंची फी मात्र हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, तीन हजारच होती. म्हणून त्या नाही म्हणू शकल्या.

गावातला भरवसा खोटा असतो असं मला म्हणायचं नाही. बैलजोडी उसनी देताना तो पुरतो, कारण बैल सगळ्या गावाला दिसतो. फेरफार दिसत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हातात आला की आपल्याला वाटतं घर आपलं झालं, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. हे सांगायला जाणकारच लागतो, आणि तो आपण नेमलेला असावा लागतो.

कुणी म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट झाली, शहरात महारेरा आहे ना! आहे, आणि चांगला आहे. २०१६ चा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले हवेत. दलालालाही नोंदणी लागते.

तरीही कल्याण-डोंबिवलीत काय झालं? महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींसाठी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. लोकांनी क्रमांक बघितला आणि कर्ज काढून घरं घेतली. हा प्रकार उच्च न्यायालयात नेला तो संदीप पाटील या आर्किटेक्टने, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. कागद खोटा होता, आणि तो खोटा आहे हे धरून बसणारा माणूस त्याच व्यवसायातला होता. या गोष्टीतून मी तरी हेच घेतलं की क्रमांक बघाच, पण त्यामागची परवानगी महापालिकेत जाऊन तपासणारा माणूसही नेमा.

आपल्या कॉलेजातले किती तरी सर, मॅडम, ऑफिसमधले आणि मेसमधले काका कधी ना कधी घर घेणार आहेत. त्यांना एवढंच सांगतो. वकील स्वतः शोधा, शक्यतो त्याच तालुक्यात काम करणारा. निदान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट त्याच्या सहीनिशी लेखी घ्या. आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे आहे का ते बघा. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका, बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. आणि भेटल्यावर एकच प्रश्न विचारा, "तुम्ही अलीकडे कुणाला घेऊ नका असं सांगितलंत का?" उत्तर द्यायला तो घुटमळला तर चहा पिऊन उठा.

आता शेवटचं, आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. दोन-चार वर्षांत 'आपलाच इंजिनिअर' म्हणून दलाल ज्याला आणेल, तो आपल्यापैकीच कुणीतरी असणार आहे. साइट न बघता दाखल्यावर सही करायचे पाकीट समोर येईल. सर्व्हेइंगच्या जर्नलमधल्या रीडिंग्ज आपण कशा 'आणतो' हे मला सांगायला नको, मीही त्यातलाच. पण त्या रीडिंगवर कुणाची कापसाची तीन वर्षं लागलेली नसतात, सहीवर असतात.

आप्पा आता दुसरा प्लॉट बघताहेत. परवा त्यांचा फोन आला. वकीलबाईंचा नंबर विचारत होते.

– तृतीय वर्ष, सिव्हिल